फिटच्या गोळीचा डोस रक्त तपासून ठरवा



फिट थांबत नाहीत म्हटलं की फेनिटॉइनची गोळी वाढवायची, हा शिरस्ता घातक आहे. वर्धा जिल्ह्यात हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तातली त्याची पातळी मोजण्याची सोय ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचायलाच हवी.

फेनिटॉइन १९३८पासून मिरगीवर वापरलं जातं. स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तातली पातळीही साधारण दुप्पट होते, तसं याचं नाही. यकृतातली जी एन्झाइम्स त्याचा निचरा करतात, त्यांची क्षमता नेहमीच्या डोसलाच भरत आलेली असते. हंगामात जिनिंगच्या आवारात रोज ठरावीकच गाड्या रिकाम्या होतात आणि बाकीच्या रस्त्यावर साचतात, तसं औषध रक्तात साचत जातं. ३०० मिलिग्रॅमचे ४०० केले, तर एखाद्याची पातळी दुपटीहूनही वर जाते. एका मिलिलिटर रक्तद्रवात १० ते २० मायक्रोग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण. त्यापुढे तोल जातो, जीभ जड होते, डोळे थरथरतात. आजारी माणसाला लोक दारुडा ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि कुणाची एन्झाइम्स जन्मतःच मंद असतात. त्याला इतरांचा नेहमीचा डोसही जास्त होतो.

त्यात टीबीची औषधं आली की गुंता वाढतो. आयसोनियाझिड हा निचरा अडवतं, रिफाम्पिसिन तो वाढवतं. म्हणजे टीबीचा कोर्स सुरू होताना आणि संपतानाही फेनिटॉइनची पातळी हलते. कोर्स संपल्यावर ती तपासायचं कुणाला सुचतं?

जेनेरिक औषधांना माझा विरोध नाही. गरिबाला तीच परवडतात. पण दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी हातात पडू नये. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं नुसतं भरणीचं द्रव्य बदललं, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आलं. औषधाची मात्रा तीच होती, तरी अनेक रुग्णांना विषबाधा झाली.

सरसकट तपासणी करून खर्च वाढवा, असं मी म्हणत नाही. लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या फिटच्या दुसऱ्या औषधाला सहसा तिची गरज पडत नाही. पण फेनिटॉइनचा डोस किंवा कंपनी बदलताना, टीबीचे उपचार चालू असताना, किंवा रुग्ण डुलायला लागल्यावर ती व्हायलाच हवी. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आर्वी, हिंगणघाट, कारंजासारख्या ठिकाणांहून रक्ताचे नमुने तिकडे पाठवण्याची नियमित व्यवस्था आरोग्य विभागाने लावावी. नमुना पुढची गोळी घेण्याआधी काढावा आणि त्याच रक्तात अल्ब्युमिनही मोजावं. कुपोषित माणसात ते कमी असतं. मग फेनिटॉइनचा आकडा कागदावर योग्य दिसतो, पण अल्ब्युमिनला न चिकटलेलं मोकळं औषध मेंदूपर्यंत जास्त पोचलेलं असतं. तो आकडा पाहून डोस आणखी वाढवला, तर रुग्णाचे हाल होतात.

– एक निवृत्त औषधनिर्माता, पिपरी मेघे, जि. वर्धा