अश्लील कोण? सखाराम की आपण?

'सखाराम' म्हटलं की आपल्या खानदेशात आधी अमळनेरचे संत सखाराम महाराज आठवतात. मी बोलतेय तो सखाराम अगदी उलटा! विजय तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर', १९७२ सालचं नाटक. मी कॉन्व्हेंटची, मराठी वाचायला अजून वेळ लागतो. पण हे पुस्तक एका रात्रीत संपवलं.

सखाराम छापखान्यात बाइंडिंग करतो. नवऱ्यांपासून सुटलेल्या, टाकलेल्या बायकांना लग्नाशिवाय घरी ठेवतो आणि आपल्या अटी तोंडावर सांगतो. नाटकावर बंदी आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. जपानमध्येही तेच. नागिसा ओशिमाने १९७६ मध्ये 'इन द रिअल्म ऑफ द सेन्सेस' बनवला, तर फिल्म डेव्हलप करायला फ्रान्सला पाठवावी लागली. पटकथेच्या पुस्तकावर तर अश्लीलतेचा खटला चालला. त्यातून तो सुटला. लपवलेलं तेच अश्लील, असं त्याचं म्हणणं होतं.

मला मात्र शिव्यांचा किंवा दारूचा धक्का बसला नाही. धक्का बसला तो शेवटाचा. लग्नसंस्थेची टिंगल करणारा हा माणूस चंपाचा गळा दाबतो. का? तर ती दुसऱ्याकडे जाते हे कळलं म्हणून. लग्न नको, पण नवऱ्याचा हक्क हवा! आणि ही चुगली करते कोण? देवभोळी लक्ष्मी. प्रेत पुरायलाही तीच पुढे. म्हणजे बंडखोर काय नि भाविक काय, बाईचा न्याय करताना दोघं एकच.

मित्रमैत्रिणींनो, आपण तरी वेगळे आहोत का? भरीत पार्टीत आपण सगळे मॉडर्न. पण एखादी मुलगी जळगाव स्टँडवर कुणासोबत चहा पिताना दिसू द्या, रात्रीपर्यंत तिचं 'कॅरेक्टर' अख्ख्या हॉस्टेलमध्ये चर्चेला! मग कुणीतरी 'काळजीपोटी' धुळ्याला तिच्या घरी फोन करतं. तिचं शिक्षण थांबून लग्न ठरू शकतं. सोबतच्या मुलाला मात्र मित्र पार्टी मागतात. यात सखाराम कोण आणि लक्ष्मी कोण, ते ज्याचं त्याने ओळखावं.

सर आणि मॅडम, एक विनंती. हे नाटक लायब्ररीत ठेवा. गॅदरिंगला करायची परवानगी नसेल तर नसू दे, निदान एकदा सगळ्यांसमोर वाचन होऊ द्या. नंतर भांडू, पण समोरासमोर. रूमचं दार लावून नको.