वारीच्या वाटेवरचा ख्रिस्ती

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांच्या आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीचे प्रस्थान झाले की अवघ्या महाराष्ट्राचे लक्ष पंढरीच्या वाटेकडे लागते. दिंड्या किती निघाल्या, मुक्काम कोठे पडला, पाऊस कितपत झाला, याचे वृत्तान्त आपण आवडीने वाचतो. याच वाटेवरून विसाव्या शतकाच्या मध्यास एक फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू वारकऱ्यांच्या संगतीने पायी चालले होते, याचे स्मरण मात्र फारसे कोणाला राहिलेले नाही. त्यांचे नाव गी देल्युरी. तुकोबांच्या अभंगांचा त्यांनी केलेला फ्रेंच अनुवाद १९५६ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘द कल्ट ऑफ विठोबा’ हा त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला.

ही केवळ विद्वानाची जिज्ञासा होती, असे कोणी म्हणेल. जिज्ञासा होतीच, पण तेवढीच असती तर ती ग्रंथालयात बसूनही भागली असती. त्यासाठी चिखल तुडवीत दिंडीबरोबर चालण्याचे कारण नव्हते. ज्याची उपासना आपण करीत नाही अशा देवाविषयी माणसाला ओढ वाटू शकते, आणि ती वाटूनही तो आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहू शकतो, ही गोष्ट मान्य करणे आपल्याला एवढे जड का जाते?

विठोबाच्या ठायी असे काय आहे, की एखाद्या ख्रिस्ती मनाला त्याने थांबवावे? या देवाच्या हाती शस्त्र नाही. मातापित्यांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर, कटीवर हात ठेवून, तो वाट पाहत उभा आहे. देवाने भक्तासाठी तिष्ठत राहावे, ही कल्पना बायबल वाचणाऱ्याला परकी वाटणार नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातला बापही असाच वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो आणि मुलगा दूर असतानाच त्याच्याकडे धावत जातो. म्हणून विटेवरचा विठ्ठल आणि क्रूसावरचा ख्रिस्त एकच, असे मात्र नव्हे. एक समचरण, प्रसन्न आणि अविचल आहे. दुसरा जखमांनी विदीर्ण झाला आहे. खरा आदर हा भेद पुसून टाकीत नाही. ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे होणे सोपे असते; साम्य पाहावे आणि भेदाचाही मान राखावा, हे कठीण असते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाचा हा प्रवास एकाएकी झालेला नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात मराठीवर जिवापाड प्रेम केले आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त तिचे मुक्तकंठाने गुणगान केले, पण त्यांचे प्रेम भाषेवर होते, येथील देवतांवर नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांना ते अंतरले नाहीत. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. अमेरिकन मराठी मिशनमध्ये हयात घालविलेल्या जस्टिन अॅबट यांनी तर उतारवयात महिपतींच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले आणि १९३२ साली मृत्यू येईपर्यंत तो ध्यास सोडला नाही. स्टीफन्स भाषेपर्यंत आले, टिळक आणि अॅबट संतांपर्यंत आले आणि देल्युरी त्या संतांच्या देवाच्या गावापर्यंत चालत गेले. अंतर असे पिढ्यापिढ्यांनी कमी होत आले आहे.

यातील शेवटची मजल दिसते तेवढी सोपी नव्हती. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा कॅथलिक चर्च अव्हेर करीत नाही, अशी घोषणा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केली ती १९६५ साली. देल्युरी वारीला गेले ते त्यापूर्वी. अशा माणसाला आपल्या माणसांत ‘हा बहकला’ हा शब्द ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. दुसऱ्या बाजूला त्याच्या स्वागतास संशय उभा असतो: याचा अंतःस्थ हेतू कोणता? हा संशय आजही ओसरलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लेखन केले, बायबल सुबोध मराठीत आणले. तरीही २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा, ते धर्मगुरू आहेत या कारणावरून काहींनी विरोध केला.

हा संशय सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे होईल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळे पाडली, आणि भाविकांना आपले देव घेऊन फोंड्याच्या बाजूस आश्रयाला जावे लागले. स्थानिक भाषा आणि छंद यांचा उपयोग धर्मप्रसारासाठी झाला, हेही खरेच. परंतु ज्या गोव्याने हे सोसले त्याच गोव्यातील सामान्य माणसांनी या जखमेवर काय उतारा शोधला, तेही पाहण्यासारखे आहे. शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या सख्ख्या बहिणी, असे तेथील लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल आणि फुले घेऊन येतात. तिला ते परक्यांची देवता समजत नाहीत. धर्मशास्त्राच्या कसोटीला हे नाते उतरेल की नाही हा प्रश्न वेगळा. पण पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांनी ते जोडले आहे.

वारकरी परंपरेला तर बाहेरचा माणूस नवीनच नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद तिच्या संतमालिकेत आहेत. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी घेते. ज्यांना जन्मभर देवळात पाऊल टाकू दिले नाही त्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. आणि ते द्वार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राण पणाला लावावे लागले. म्हणजे दारात कोणाला उभे राहू द्यायचे हा वाद आपण आपल्याच माणसांशीही केला आहे, आणि त्यात प्रत्येक वेळी दार अडविणारेच इतिहासात लहान ठरले आहेत.

तेव्हा कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. दुसऱ्याच्या देवाकडे जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जावे. तेथील माणसे आपल्याकडे वळविण्याचा हिशेब बरोबर नेऊ नये, आणि तो देव म्हणजे आपल्याच देवाची अपुरी आवृत्ती आहे असा अहंकारही बाळगू नये. यजमानानेही त्याच्याकडे प्रमाणपत्र मागू नये. त्याच्या आदराची किंमत म्हणून त्याने धर्म सोडावा अशी अपेक्षा करणे, हेही एक प्रकारचे धर्मांतरच आहे. वर्गात ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाला, किंवा तुकोबांवर निबंध लिहिणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थिनीला, ‘तुम्हाला यात एवढा रस कसा?’ असे आपण सहज विचारून जातो. प्रश्नात कौतुक असेलही. पण ‘हे तुमचे नव्हे’ असे आपण त्यातून सुचवीत असतो, हे विसरता कामा नये.

वारीत अनोळखी माणसे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पायांना हात लावतात. समोरचा कोण, कोठला, याची चौकशी आधी होत नाही. पंढरीची ही रीत वारीपुरती न ठेवता घरी परतल्यावरही पाळता आली, तर वारी खऱ्या अर्थाने पोहोचली असे म्हणता येईल.