पुस्तकही माल आहे, हिशेब मांडूनच छापा

पनवेलच्या आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर सध्या तीन खोकी पडून आहेत. त्यात साड्या नाहीत, ड्रेस मटेरियल नाही. पुस्तके आहेत. आमच्याकडे तीस वर्षे शिलाईचे काम करणाऱ्या मास्तरांनी ती लिहिली आहेत. मोहल्ल्यातल्या माणसांच्या कथा आहेत आणि चांगल्या आहेत. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, मराठी सावकाश वाचतो. तरी दोन बैठकीत पुस्तक संपवले.

मास्तरांना एका कंपनीचा फोन आला होता. साठ हजार रुपयांत पुस्तक छापू, ३०० प्रती देऊ, ऑनलाइन विक्रीला ठेवू, असे सांगण्यात आले. मास्तरांनी बचत मोडून पैसे भरले. वर्षभरात ४१ प्रती खपल्या, त्यातही बहुतेक ओळखीच्या लोकांनी घेतल्या. आता त्याच कंपनीचा पुन्हा फोन आहे. ऑनलाइन प्रचारासाठी आणखी पंचवीस हजार भरा, मग बघा कशी मागणी येते. मास्तर विचारायला आले, "शेठ, सोसायटीतून कर्ज काढू का?"

हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही. १९९० साली सोलापुरात सुरू झालेले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन २०१७ साली आमच्या पनवेललाही भरले. आपल्यात लिहिणारे पुष्कळ आहेत. मोबाइलवर रोज जाहिरात येते की लेखक व्हा आणि घरबसल्या कमवा. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे जरूर वाटले.

साधा हिशेब

साठ हजार भागिले ३००, म्हणजे प्रत पडली २०० रुपयांना. छापील किंमत २५० रुपये. पुस्तक विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की हातात १५० येतात. म्हणजे दुकानातून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे ५० रुपये तोटा! सगळा माल खपला तरी तोटाच. आता त्यात पंचवीस हजार घाला. प्रत पडेल २८३ रुपयांना, छापील किमतीपेक्षाही महाग. सगळ्या ३०० प्रती मास्तरांनी स्वतः पूर्ण किमतीला विकल्या तरी ७५ हजार येणार आणि दहा हजार खिशातून जाणार. कापडाचा कोणी व्यापारी असा सौदा करील काय? पण पुस्तक म्हटले की आपण हिशेबाची वही मिटून ठेवतो. अशा कंपनीचे खरे गिऱ्हाईक वाचक नसून लेखकच असतो, हे ध्यानात घ्यावे.

कमावणारे कोण?

याचा अर्थ असा नव्हे की स्वतः पुस्तक काढून कोणी कमावलेच नाही. मुंबईच्या व्यापारी घराण्यातले अश्विन सांघी यांनी पहिली कादंबरी २००७ साली स्वतःच काढली. अमीश त्रिपाठी यांना प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा २०१० साली 'मेलुहा'ची कादंबरी त्यांनी आपल्या एजंटाच्या मदतीने बाजारात आणली. सुरतेच्या सावी शर्मा यांनी २०१५ मध्ये तेच केले. मराठीत पुण्याचे ठेकेदार शरद तांदळे यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढून 'रावण : राजा राक्षसांचा' ही कादंबरी घरोघर पोहोचवली. त्यांची व्याख्याने लोक आधीच यूट्यूबवर ऐकत होते.

या चौघांकडे नीट पाहावे. अमीश यांनी पहिले प्रकरण वेगळे छापून दुकानांतून फुकट वाटले, जसे आपण कापडाचे नमुने वाटतो. यूट्यूबवर चित्रफीत टाकली. आणि महत्त्वाचे म्हणजे विमा कंपनीतली नोकरी लगेच सोडली नाही. पुस्तकाचे उत्पन्न पगाराच्या पुढे गेल्यावर सोडली. पहिल्या तिघांचे लेखन इंग्रजीत, म्हणजे बाजार साऱ्या देशाचा. तेही पुढे मोठ्या प्रकाशकाकडे गेले. म्हणजे स्वतः काढलेले पुस्तक हा त्यांचा नमुन्याचा ताका होता. दुकानदारी त्यांनी स्वतः केली, दुसऱ्याला पैसे देऊन नव्हे.

उलट उदाहरणही आपल्या शाळेच्या पुस्तकातले आहे. मुन्शी प्रेमचंद यांच्यापेक्षा मोठा लेखक कोठून आणणार? त्यांनी १९२३ साली बनारसमध्ये सरस्वती प्रेस काढला, १९३० पासून 'हंस' चालवला आणि कर्जात बुडाले. १९३४ साली त्यांना चित्रपटाच्या लिखाणासाठी मुंबई गाठावी लागली. लेखन उत्तम असले म्हणजे धंदा आपोआप होतो, हा गैरसमज आहे.

ऑनलाइनचे खरे-खोटे

किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके मिळू लागली. तेथे पुस्तक टाकायला पैसे लागत नाहीत. लेखकाला ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी मिळते. ७० टक्क्यांना अटी आहेत. प्रकाशकाकडून साधारण १० ते १५ टक्के मिळतात, त्या मानाने हा दर चांगला. पण खप शून्य असेल तर ७० टक्केही शून्यच. ई साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तके फुकट वाटून पुष्कळ वाचक मिळवले. मात्र फुकट वाचणारा उद्या पैसे देईलच असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'माशाअल्लाह' लिहिणारे दोनशे, विकत घेणारे दहा, हा अनुभव मास्तरांनी घेतला आहे.

छापील प्रत टपालाने पाठवणेही महाग झाले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा बंद केली. आयएसबीएन क्रमांक मात्र राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. त्याचे कोणी पैसे मागितले तर सावध व्हावे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण म्हणूनच कागद-छपाईवर भरलेला कर परतही मिळत नाही. तो खर्चात धरावा.

मग करावे काय?

आधी मागणी, मग छपाई. जुने मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे घेत असत. आपल्याकडे आगाऊ किंमत घेऊन ठरलेला माल ठरल्या तारखेला देण्याचा सलमचा व्यवहार आहे, मागणीप्रमाणे वस्तू बनवून देण्याचा इस्तिस्नाही आहे; तपशील आलिमांना विचारावा. समजा, तीन छापखान्यांचे भाव घेऊन प्रत १०० रुपयांना पडली. २०० रुपयांप्रमाणे दीडशे लोकांनी आगाऊ पैसे दिले की ३०० प्रतींचा खर्च निघाला. दीडशे आले नाहीत तर पैसे परत करावे. थोडी शरम वाटेल, पण घर शाबूत राहील. मोबाइलचा उपयोग या नोंदणीसाठी करावा. त्याला कर्ज लागत नाही आणि सूदही लागत नाही.

दुसरे, प्रचारात खोटेपणा नको. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा धंदा सध्या जोरात आहे. हुजूर सल्ललाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि त्यांनी व्यापाऱ्याला खडसावले. वरचे अभिप्राय कोरडे आणि आतले पुस्तक ओले, असा माल एकदाच विकला जातो.

तिसरे, कारागिरांनी आपल्या हातातल्या इल्मकडे पाहावे. शेरवानीचे कटिंग, बुरख्याचे माप, जरीकामाचे टाके यांची नीट मराठीत पुस्तके किती आहेत? शिकणारा मुलगा कथेपेक्षा अशा पुस्तकाला लवकर पैसे देईल.

आणि चौथे, आपल्या व्यापारी बंधूंसाठी. लग्नपत्रिकेवर आपण हजारो रुपये घालवतो. आपल्याच माणसाच्या पाच प्रती जांगडावर घेऊन गल्ल्याजवळ ठेवायला काय हरकत आहे? विकल्या तर पैसे द्यावे, नाही तर माल परत.

मास्तरांना मी कर्ज काढू नका असे सांगितले. साठ हजार गेले ते गेले. त्यामागे पंचवीस हजार धाडू नका. एक खोके पोटमाळ्यावरून खाली आणून मी काउंटरवर मांडले आहे. मास्तर आता कटिंगची वही लिहायला घेत आहेत. या वेळी इन्शाअल्लाह छपाईच्या आधी नोंदणी होईल. पहिले नाव माझे आहे, पैसे रोख दिले आहेत.