मानपत्रात नसलेला माणूस

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक मानपत्र लिहिले. आमच्यापैकी एक जण जळगावला मराठी शिकवतो, दुसरा धुळ्याला. परिसरात कोणाचा सत्कार ठरला की शब्दांची जबाबदारी आपोआप आमच्याकडे येते. (मराठीचा प्राध्यापक आणि सूत्रसंचालक ही दोन वेगळी माणसे असतात, हे खानदेशात अजून कोणाला पटवून देता आलेले नाही.) त्या वेळी निरोप द्यायचा होता तो एका कबड्डीपटूला. वीसेक वर्षे गावोगावच्या मैदानांवर चढाया करून, गुडघ्याने साथ सोडल्यावर थांबलेला माणूस. आम्ही लिहिले : 'क्रीडाक्षितिजावरील तेजस्वी तारा', 'मैदान गाजवणारा झंझावात', 'विनयशील, निगर्वी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. वाचन झाले, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झाले. पुढच्याच वर्षी तेच मानपत्र एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या सेवानिवृत्तीला वाचले गेले. नाव बदलले होते, 'क्रीडाक्षितिजा'चे 'सहकारक्षितिज' झाले होते आणि 'मैदाना'च्या जागी 'कार्यक्षेत्र' आले होते. बाकी अक्षर न अक्षर आमचे. आम्ही पहिल्या रांगेत बसून ते ऐकले. कोणालाही काही खटकले नाही.

आम्हाला मात्र तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. जो मजकूर कबड्डीपटूला लागू पडतो आणि व्यवस्थापकालाही लागू पडतो, तो नेमका कोणाविषयी असतो? आमचे उत्तर असे की तो लिहिणाऱ्याविषयी असतो. मैदान सोडणाऱ्या खेळाडूला आपण मराठीत जी मानवंदना देतो, तिच्यात भावना ओसंडून वाहते आणि खेळाडू तेवढा गैरहजर असतो. ज्याला आपण वीस-वीस वर्षे पाहिले, त्याच्याविषयी 'काय पाहिले' हे एक सोडून आपण सर्व काही सांगतो. याला प्रेम म्हणण्याची रीत आहे. आम्ही याला आळस म्हणतो.

मराठी समाजाने पाहिलेला सर्वांत मोठा निरोप म्हणजे १६ नोव्हेंबर २०१३ चा, वानखेडे मैदानावरचा. वेस्ट इंडीजविरुद्धचा सचिन तेंडुलकरचा तो दोनशेवा कसोटी सामना, शेवटच्या डावात ७४ धावा, आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपलेला. त्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांनी पानेच्या पाने दिली, चौकाचौकांत फलक लागले. आमच्या एका चौकातल्या फलकावर तर 'क्रिकेटच्या देवाला भावपूर्ण श्रद्धांजली' असे छापले होते. जिवंत, धडधाकट, चाळीस वर्षांच्या माणसाला श्रद्धांजली! आम्ही वर्गात या फलकावर हसलो. पण तो फलक लिहिणाऱ्याची चूक फक्त एका शब्दाची होती. उरलेल्या मजकुराची जात मृत्युलेखाचीच होती आणि ती प्रतिष्ठित अग्रलेखांतही तीच होती. एका युगाचा अंत, न भूतो न भविष्यति, देवाने देव्हारा सोडला. यांतल्या एकाही वाक्यावरून हा माणूस फलंदाज होता की गवई, हे कळायला मार्ग नाही.

आणि गंमत अशी की त्याच दिवशी त्याच मैदानावर मानपत्र कसे असावे याचा उत्तम नमुना सर्वांच्या कानांवर पडला होता. तो खुद्द निवृत्त होणाऱ्याने सादर केला. हातात नावांची यादी घेऊन सचिन बोलला. सुरुवात वडिलांपासून केली. रमेश तेंडुलकर कवी होते, मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. हा उल्लेख आम्ही थोड्या अभिमानाने करतो. पुढे प्रत्येक नावासोबत एक तपशील आला. बहिणीने दिलेली आयुष्यातली पहिली बॅट, तीही काश्मिरी लाकडाची. शाळा जवळ पडावी म्हणून काका-काकूंकडे काढलेली चार वर्षे. अजून प्रत्येक डावानंतर बाद कसा झालास यावर वाद घालणारा भाऊ. स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारे आचरेकर सर, ज्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही 'चांगला खेळलास' म्हटले नाही. या भाषणात विशेषणे शोधावी लागतात. हे भाषण इंग्रजीत होते याचे आमच्या काही सहकाऱ्यांना वाईट वाटले. आम्हाला वाईट वाटले ते वेगळ्या गोष्टीचे : खेळाडूने आपल्या माणसांना जेवढे न्याहाळले होते, त्याच्या निम्मेही त्याच्या माणसांनी त्याला न्याहाळल्याचे दुसऱ्या दिवशीच्या पानांवरून दिसले नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो असा की आपली परंपरा भक्तीची आहे. प्रेमाला तपशील कसले मागता? हा आक्षेप आम्हाला मुळीच मान्य नाही आणि तो भक्तीवरही अन्याय करणारा आहे. आपल्या संतांनी देव कसा पाहिला आहे? विटेवर जोडलेली पावले, कमरेवर ठेवलेले हात, गळ्यातली माळ, कानांतली कुंडले. वारकरी डोळे मिटून भक्ती करत नाही. तो शेकडो कोस चालून 'पाहायला' जातो. तपशिलाला कंटाळणारी भक्ती ही पंढरपूरची नव्हे, फलक छापणाऱ्या दुकानाची आहे.

शिवाय न पाहता केलेल्या देवाचे पुढे काय होते, तेही याच वानखेडेने दाखवले आहे. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा त्याच्याच शहरातल्या प्रेक्षकांतून त्याच्या नावाने हुर्यो झाली होती. सात वर्षांनी रडले ते हेच मैदान. देव नवसाला पावला नाही की पाण्यात बुडवून ठेवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. ज्याने खेळाडूला खेळाडू म्हणून पाहिले असते, त्याला एका धावेचा राग आला नसता. तो बाद कसा झाला, एवढेच त्याने सांगितले असते.

असे पाहणारे लोक आहेत, आणि ते आमच्याच गावांत आहेत. जानेवारी २००४. सिडनीचा सामना आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होई. धुळ्याच्या त्या कडाक्याच्या थंडीत एका चहाच्या टपरीवर आम्ही काही जण कानाला मफलर गुंडाळून बसत असू. सचिनने त्या डावात ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी टपरीचा मालक दूध ओतता ओतता अहिराणीत बोलला, त्याचा आशय असा : 'हा कालपासून ऑफच्या बाहेरच्या चेंडूला हात लावत नाही. त्याच फटक्यावर मागे बाद होत होता ना? उपास धरलाय त्याने.' त्या मालिकेत आधी कव्हर ड्राइव्हच्या मोहाने त्याचा घात केला होता आणि या डावात त्याने तो फटका जवळजवळ वर्ज्यच केला होता, हे नंतर जाणकारांनी विस्ताराने लिहिले. टपरीवाल्याने ते पाहता पाहता सांगितले. 'उपास' या एका शब्दात संयम आला, भूक आली आणि व्रत घेणाऱ्याचा हट्टही आला. आमच्या मते सचिनवरच्या मराठी समीक्षेतले ते एक अव्वल वाक्य आहे आणि ते कोठेही छापलेले नाही.

मराठीला ही दृष्टी परकी नव्हती. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित मराठीत समालोचन करत तेव्हा ज्याने मैदान कधी पाहिले नाही त्यालाही क्षेत्ररक्षक कोठे उभा आहे हे दिसे. वि. वि. करमरकरांनी खेळाला मराठी दैनिकात स्वतःचे पान मिळवून दिले आणि त्या पानावर कबड्डी-खोखोलाही जागा केली. त्या पिढीने शब्द घडवले. आपण त्या शब्दांवर विशेषणांची पुटे चढवली.

मानपत्र हा प्रकारच मुळात खोटा, असेही आम्हाला म्हणायचे नाही. पळवणकर बाळू यांची आठवण या संदर्भात फार महत्त्वाची आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. त्याच बाळूला एके काळी पुण्याच्या जिमखान्यावर चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला आणि त्या वेळच्या मानपत्रामागे तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता, असे रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात नोंदवले आहे. या मानपत्राला वजन कशामुळे आले? ते देणाऱ्यांना त्या ११४ बळींचा अर्थ कळत होता. मैदानात ज्याच्या हातून चेंडू घ्यावाच लागतो, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नाही, ही विसंगती त्या आकड्याने उघडी पाडली होती. आकडा आणि अपमान, दोन्ही ठाऊक असलेल्यांनी दिलेला तो मान होता. पुढे १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघ जिंकला आणि उच्चवर्णीयांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, १९४८ साली. आमच्या माहितीतल्या किती मराठी विभागांत ते वाचले जाते, हे विचारू नये. आम्ही स्वतः ते एम.ए. होऊन दहा वर्षे उलटल्यावर पाहिले.

खांद्यावर घेणे ही जगभरची रीत आहे. ऑस्ट्रेलियात त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळून निवृत्त होणाऱ्याला सहकारी खांद्यावरूनच बाहेर आणतात. सचिनलाही तसेच फिरवले. पण त्याच ऑस्ट्रेलियाने ब्रॅडमनला दिलेली एक मानवंदना आम्हाला अधिक भावते. १९४८ मध्ये ओव्हलवर ब्रॅडमन अखेरच्या डावासाठी उतरला, इंग्लंडच्या संघाने त्याचा जयजयकार केला आणि दुसऱ्याच चेंडूवर हॉलिसने त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला. शंभराची सरासरी ९९.९४ वर अडकली. पुढे त्या देशाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने आपल्या टपालपेटीचा क्रमांक ९९९४ असा घेतला. शंभर नव्हे. शेवटच्या शून्यासकट जे घडले तेच त्यांनी पत्त्यात घातले. आपल्याकडे हे काम आले असते तर सरासरी शंभर करून मोकळे झाले असते आणि वर 'शतकांचा शिल्पकार' हे शीर्षक!

पुन्हा आमच्या कबड्डीपटूकडे येतो. त्या समारंभात आमच्या मानपत्रानंतर पुढाऱ्यांची भाषणे झाली आणि शेवटी, पाहुण्यांना निघायची घाई असताना, अमळनेरकडचा एक जुना प्रतिस्पर्धी कोणी न बोलावता उठला. तो म्हणाला, 'हा चढाईला आला की अर्धा दम काहीच करायचा नाही. निदानरेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे नुसता बघत राहायचा. कोपरा वैतागून एक पाऊल पुढे आला की हा मान न वळवता उजवीकडे टाच टाकायचा. आम्ही पाच वर्षे आमच्या कोपऱ्याला ओरडून सांगत होतो, हलू नको म्हणून. तो हलायचाच.' एवढे बोलून तो बसला. सभागृहातल्या जुन्या खेळाडूंत खसखस पिकली आणि सत्कारमूर्तीने त्या संध्याकाळी पहिल्यांदा मान वर केली. आमच्या मजकुराच्या वेळी ती खालीच होती. विनयाने, असे आम्हाला तेव्हा वाटले होते.

गेल्या वर्षी आम्ही आबांच्या घरी गेलो. (त्यांना सगळे आबा म्हणतात, नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.) मानपत्र ओसरीवर काचेत होते, एका कोपऱ्याला कसर लागली होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले. जिल्हा आवृत्तीतली चार ओळींची बातमी, कोणा अंशकालीन वार्ताहराने पाठवलेली : कोणत्या गावचा सामना, किती चढाया, त्यांत किती गुण. आबांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवले आणि प्रत्येक गुण कोणाला टिपून मिळवला ते नावानिशी सांगितले. चहा गार झाला.

आम्ही ओशाळून म्हणालो, आबा, ते मानपत्र आम्हाला नव्याने लिहायचे आहे. ते म्हणाले, 'आता कशाला, सर?' मग थोडे थांबून : 'लिहिलेच तर त्यात हेही घाला. शेवटच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईत मी पकडला गेलो. एका गुणाने हरलो आपण. त्या अमळनेरवाल्यानेच धरला होता. उजवा घोटा.'