जमेची बाजू

दिवेलागण झाली कीं घरांतील मुलें अभ्यासाला मजजवळ येऊन बसतात. गेल्या महिन्यांत धाकट्या नातवानें पुस्तक मिटून विचारलें, "आजोबा, जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलें, असें बाई म्हणाल्या. पुस्तक आपल्याकडचें, आणि अर्पण अमेरिकेला कां?"

इतकीं वर्षें मास्तरकी केली, पण मला उत्तर देतां येईना. तें पुस्तक मीं वाचलेंच नव्हतें. त्यांत ब्राह्मणांवर कठोर टीका आहे एवढें ऐकून होतों, आणि तेवढ्यावरून तें बाजूस ठेविलें होतें. आतां वाचनालयांतून आणून वाचलें. टीका कठोर आहे खरी, कांहीं ठिकाणीं ती मला बोंचली. पण नातवाचें उत्तर अर्पणपत्रिकेंतच सांपडलें. अमेरिकेंतील सज्जनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं जो निःस्वार्थ त्याग केला, त्यापासून आपल्या देशबांधवांनीं धडा घ्यावा व शूद्रांना दास्यांतून सोडवावें, अशी जोतीरावांची इच्छा होती.

तो धडा कोणता, हें मुलांना सांगावयाचें म्हणून पुढें वाचीत गेलों. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. सहा लक्षांहून अधिक सैनिक मेले आणि सुमारें ४० लक्ष गुलाम मुक्त झाले. पाठोपाठ राज्यघटनेंत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट केली. १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीनें नागरिकत्व व कायद्याचें समान संरक्षण दिलें. १८७० सालच्या पंधराव्या दुरुस्तीनें वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. मुक्त झालेल्यांसाठीं शाळा निघाल्या. १८७० सालींच हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपी राज्याकडून वरिष्ठ सभागृहांत जाऊन बसले. जोतीरावांचें पुस्तक १८७३ सालचें. पुण्यांतून पाहणाऱ्यास तें कार्य तेव्हां सिद्धीस गेलेलेंच वाटलें असेल.

परंतु जमिनीचा प्रश्न तसाच राहिला होता. जानेवारी १८६५ मध्यें सेनापति शर्मन यांनीं समुद्रकांठची जमीन दर कुटुंबास ४० एकरांपर्यंत वांटण्याचा हुकूम काढला. सुमारें ४०,००० मुक्त लोक तेथें कसूं लागले. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ती बहुतेक जमीन जुन्या मालकांस परत देवविली. मग कालचा गुलाम त्याच मळ्यावर अर्धेलीनें राबूं लागला. बीं-बियाणें उधारीचें, धान्य उधारीचें, आणि हिशेबाची वही मालकाजवळ. वर्षअखेरीस कर्ज फिटलेलें नसावयाचेंच. १८७७ सालीं केंद्र सरकारनें दक्षिणेंतील सैन्याचें पाठबळ काढून घेतलें. पुढें एकेका राज्यानें साक्षरतेची परीक्षा, मतासाठीं कर, अशा युक्त्यांनीं मताधिकार हिरावून घेतला. १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आगगाडींतील वेगळे डबेही कायदेशीर ठरविले. घटनेंतील अक्षर न् अक्षर जागच्या जागीं होतें. त्याला अर्थ यावयास १९६४ चा नागरी हक्कांचा व १९६५ चा मताधिकाराचा कायदा व्हावा लागला.

नारदस्मृतींत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. मोठ्या कर्जांतून सोडवून घेतलेला, हा त्यांतलाच एक. दासाला मुक्त करण्याचा विधिही तेथें दिला आहे. धन्यानें त्याच्या खांद्यावरील पाण्याचा घडा घेऊन फोडावा, मस्तकावर अक्षता व फुलें टाकावीं, आणि हा आतां दास नव्हे असें तीन वेळां म्हणून त्याला पूर्वेकडे तोंड करवून सोडून द्यावें. हा भाग मी वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. घडा फुटल्यावर त्या माणसाच्या हातांत काय उरतें, हा प्रश्न मला कधीं सुचला नाहीं.

तो सुचला आमच्या जुन्या ट्रंकेमुळें. भाईंदरला बिऱ्हाड करण्यापूर्वी आमची थोडी शेती खाडीपलीकडे, पालघरच्या बाजूस होती. आजोबांच्या वेळची खतावणी ट्रंकेंत आहे. आजोबा त्रिकाळ संध्या करणारे, दारीं आलेल्यास विन्मुख न धाडणारे. त्या खतावणींत एका वारली गड्याचें खातें आहे. लग्नाकरितां रुपये ८०, पुढें नाचणी दोन पायल्या, एक लुगडें, औषधाचे बारा आणे. नांवें बाजू अकरा वर्षें भरत गेली आहे. जमेच्या बाजूस एकही आंकडा नाहीं. तो गडी व त्याची बायको अकरा वर्षें आमच्या शेतांत राबलीं. त्या राबण्याची किंमत कोणीं मांडलीच नाहीं. अमेरिकेंतील मालकाजवळची वही मीं पाहिलेली नाहीं. आमच्या घरची पाहिली.

तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. लग्नापुरतें कर्ज घ्यावें आणि जन्मभर सावकाराकडे राबावें. गुलामगिरीला कायद्याचा आधार १८४३ च्या कायद्यानें गेला होता, तरी शंभर वर्षांनीं हें चाललेंच होतें. ती वेठ मोडण्यासाठीं झरी येथें मे १९४५ मध्यें वारल्यांची परिषद भरली. त्यांच्यामागें शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य उभें होतें. गोदावरीबाई माहेरच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. घरीं सुखानें राहतां आलें असतें, त्या रानोमाळ हिंडल्या. त्याच ऑक्टोबरांत तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले.

पुढें २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना अमलांत आली. तिच्या १४ व्या कलमांत अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तींतील समान संरक्षणाचें तत्त्व आहे. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. २३ व्या कलमानें वेठबिगारीस बंदी केली. शिवाय अमेरिकेनें जें टाळलें त्याला मुंबई राज्यानें हात घातला. १९४८ च्या कूळकायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून कसणारें कूळ जमिनीचें मालक ठरलें.

येथें मला थोडें अप्रिय बोलावयाचें आहे. "सत्तावन्न सालीं आपली जमीन गेली," हें वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालों. माझ्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तें अजून बोललें जात असेल. ज्यांना दुसरा आधार नव्हता अशांचे हाल झाले, तें दुःख खोटें नव्हे. परंतु ठरलेली किंमत हप्त्यांनीं कां होईना आम्हांस मिळाली, आणि आम्हां मुलांपाशीं शाळा होती. अकरा वर्षांची कोरी बाजू भरून निघण्याची ती एक वाट होती. अमेरिकेनें ती वाट बंद केली आणि एक शतक गमावलें. आपण 'गेली' म्हणतों, तेव्हां ती कोणाकडे गेली हेंही मुलांना सांगितलें पाहिजे.

ती वाटही सर्वांपर्यंत पोंचली नाहीं. ज्याचें नांव कूळ म्हणून लागलें त्याला जमीन मिळाली. लग्नगड्याचें नांव कोणत्याच उताऱ्यावर नव्हतें. म्हणून १९७६ सालीं वेठबिगारी नष्ट करून तें कर्जच रद्द ठरविणारा केंद्राचा कायदा व्हावा लागला. त्यानंतरही आमच्या खाडीपलीकडे, वसई तालुक्यांत, श्रमजीवी संघटनेला १९८० नंतरच्या दशकांत वेठबिगार सोडवावे लागले. भाईंदरहून तें अंतर आगगाडीनें कांहीं मिनिटांचें.

हें सर्व नातवाला सांगत होतों तेव्हां सूनबाई भाजी निवडीत ऐकत होत्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, "मामंजी, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनीं मुलीच्या फीसाठीं उचल घेतली आहे. दरमहा पगारांतून वळती करतें मी, पण लिहून ठेविलेलें नाहीं. किती फिटली, मलाही नक्की सांगतां यावयाचें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं दोन आण्याच्या जुन्या सवयीनें मी एक छोटी वही आणावयास गेलों, ती वीस रुपयांस मिळाली. उचल नांवें लिहिली. फिटलेले हप्ते मावशींच्या आठवणीप्रमाणें जमा केले. सूनबाईंच्या अंदाजापेक्षां ते दोन अधिक निघाले. दिवाळींत पाहुणे होते तेव्हांचें जादा काम कोठें मांडावयाचें, असें नातवानें विचारलें. जमेच्या बाजूस, असें मीं सांगितलें. वही मावशींजवळ असते. त्यांची मुलगी सहावींत आहे. महिनाअखेरीस ती आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानें बेरीज वाचते, आणि आमचा नातू ती तपासतो. गेल्या खेपेस चूक नातवाची निघाली.