रुग्णालयाच्या फाटकाशी थांबलेली योजना

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आरंभ झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांच्या उपचारांचे कवच दिले. २००८ च्या योजनेत हीच मर्यादा अवघी ३० हजार होती! २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, या कवचाखाली घेतले गेले. कार्य मोठे आहे. म्हणूनच त्यातील उणीव आपल्याच माणसांनी बोलून दाखवायला हवी.

पक्षाघात झालेले मुलुंडचे आजोबा रुग्णालयात वाचतात. पुन्हा चालायला शिकणे मात्र घरी आल्यावरच सुरू होते आणि त्याला महिने लागतात. योजना घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचाच खर्च मोजते. बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेतच नाहीत. कार्ड घेऊन घाटकोपर-बोरिवलीतील फिजिओथेरपिस्टचे दार ठोठावावे, तर तेथे रोखीचाच व्यवहार. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. योजनेशी संलग्नता रुग्णालयांना मिळते, एकट्या व्यावसायिकाला नव्हे. उरतात राजावाडी, कूपरसारखी पालिकेची रुग्णालये, नाहीतर थेट हाजी अलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था. लुळा पाय ओढत आठवड्यातून तीनदा लोकलमध्ये कोणी चढायचे?

दीनदयाळजींचा अंत्योदय ज्यांच्यासाठी, तो माणूस नेमका याच टप्प्यावर एकटा पडतो. फिजिओथेरपीच्या व्यवसायाला २०२१ च्या केंद्रीय कायद्याने वैधानिक अधिष्ठान दिले आहे. मग नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टना थेट संलग्न करून ठरावीक सत्रांचे शुल्क योजनेतून देण्यात बाबूमंडळींना अडचण ती कोणती?