विश्लेषण : एका मारखोराच्या शिकारीला सव्वातीन कोटी! परवाने इतके महाग का होताहेत?

पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये २०२५-२६ च्या हंगामासाठी शिकार परवान्यांचा लिलाव झाला. त्यात नंगा पर्बत परिसरातील एका मारखोराच्या परवान्याला ३ लाख ७० हजार डॉलरची बोली लागली. आपल्या हिशेबाने सुमारे सव्वातीन कोटी रुपये. मारखोर म्हणजे मळसूत्री शिंगांचा डोंगरी बोकड, पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी. आदल्या वर्षी चित्रालमधील परवाना २ लाख ७१ हजार डॉलरला गेला, तेव्हा तोच विक्रम होता. आणि २०१९ मध्ये एका अमेरिकी शिकाऱ्याने १ लाख १० हजार डॉलर मोजले, त्याचीही जगभर बातमी झाली होती. सहा वर्षांत भाव तिपटीहून अधिक वाढला.

एक बोकड मारण्यासाठी एवढे पैसे, हे वाचून कुणाला हसू येईल, कुणाला संताप. दोन्ही साहजिक आहे. पण हा निव्वळ श्रीमंतांचा चाळा म्हणून सोडून देता येत नाही, कारण या पैशावर काही खोऱ्यांतील गावे चालतात आणि तिथले मारखोरही टिकून आहेत.

पैसे नेमके कशाचे?

फक्त परवान्याचे. ठरलेल्या भागात, ठरलेल्या हंगामात, एक वयस्क नर मारण्याची मुभा. माद्या आणि तरुण नर वगळलेले असतात. विमान, जीप, वाटाडे, हमाल, बंदुकीची परवानगी, मुंडके भुसा भरून टिकवणे, ते देशाबाहेर नेण्याची आणि मायदेशी आणण्याची कागदपत्रे हा खर्च निराळा. अनेकदा बोली लावते ती शिकार सहली काढणारी कंपनी. ती आपला नफा चढवून परवाना गिऱ्हाईकाला विकते. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातून जाते ती रक्कम बातमीतल्या आकड्याहून मोठी असते.

अमेरिकेतही हाच प्रकार आहे, फक्त आकडे आणखी मोठे. न्यू मेक्सिको राज्यातील बिगहॉर्न या रानमेंढ्याचा एक परवाना २०२५ च्या लिलावात १३ लाख डॉलरला, म्हणजे ११ कोटींहून अधिक रुपयांना गेला. गंमत अशी की, तिथे असे एक-दोनच परवाने लिलावात निघतात. बाकीचे सोडतीने वाटले जातात आणि सोडतीचे अर्जशुल्क किरकोळ असते. युटा राज्यात तर बिगहॉर्न, मूस, गवे अशा काही प्राण्यांच्या परवान्याचे सरकारी नावच ‘आयुष्यात एकदाच’ असे आहे. एकदा तो मिळाला की त्या प्राण्यासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही. सामान्य शिकारी वर्षानुवर्षे नशीब आजमावतो आणि धनिक एका संध्याकाळी रांग ओलांडतो. हा पैसा त्याच रानमेंढ्यांच्या संवर्धनावर खर्च होतो म्हणून तिथे फारशी ओरड होत नाही, इतकेच.

भाव चढतो कशामुळे?

माल वाढवता येत नाही म्हणून. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराने १९९७ मध्ये पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोर निर्यात करण्याची परवानगी दिली. २००२ मध्ये ती मर्यादा बारावर गेली. जगभरातील हौशी धनिकांची संख्या वाढत असताना बाजारात फक्त बारा नग असतील, तर लिलावात काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

त्यात शिकाऱ्यांच्या जगातील याद्यांची भर. उत्तर अमेरिकेतील चारही प्रकारचे रानमेंढे मारणे हा तिकडे एक किताब मानला जातो. यादीतला शेवटचा रकाना भरायचा राहिला असेल, तर माणूस भाव करत बसत नाही. शिवाय झिम्बाब्वेत २०१५ मध्ये सेसिल या सिंहाची सुमारे ५० हजार डॉलर मोजून शिकार झाली, त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा अशा प्राण्यांचे अवशेष वाहून नेण्यास नकार दिला. नियम कडक झाले. कागदपत्रे आणि वाहतूक महागली, हौस मात्र कमी झाली नाही.

गावाला काय मिळते?

पाकिस्तानातील नियमानुसार परवान्याच्या रकमेतील ८० टक्के वाटा स्थानिक गावांचा आणि २० टक्के सरकारचा. सव्वातीन कोटींतील अडीच कोटींहून अधिक रक्कम एका डोंगराळ खोऱ्यात येणे म्हणजे काय, हे आपल्याकडील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या सरपंचाला विचारावे. शाळा, दवाखाना, पाण्याची योजना, रखवालदारांचे पगार असे सगळे त्यातून होऊ शकते.

या योजनेचे मूळ बलुचिस्तानातील तोरघर डोंगरात आहे. अफगाण युद्धाच्या काळात तिथे घरोघरी बंदुका आल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात मारखोरांची संख्या शंभराच्या आत आली. तेव्हा जोगेझई या तिथल्या पठाण सरदार घराण्याने पुढाकार घेतला. मोजक्या परदेशी शिकाऱ्यांना परवानगी द्यायची, त्या पैशातून स्थानिकांनाच रखवालदार नेमायचे आणि बाकी शिकार पूर्ण बंद. पुढच्या वीस वर्षांत मारखोर दोन हजारांच्या पुढे गेले. पाकिस्तानात इतरत्र आणि ताजिकिस्तानातही असे प्रयोग झाले. २०१५ मध्ये मारखोराचे नाव जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’वरून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या तुलनेने बऱ्या वर्गात आले. ज्यांना ही कल्पनाच किळसवाणी वाटते, त्यांनाही एवढे मान्य करावे लागते.

अर्थात ८० टक्के हा कागदावरचा आकडा. पैसे ग्रामसमितीच्या खात्यात पडल्यावर ते कुणाच्या सहीने निघतात, हंगाम संपल्यावर किती महिन्यांनी येतात, जिच्या कुरणात मारखोर चरतो त्या मेंढपाळ कुटुंबाला काही मिळते का, याचा जाहीर हिशेब हवा. लिलावाच्या विक्रमाची बातमी होते, त्या हिशेबाची होत नाही.

आपण हा मार्ग का सोडला?

आपल्याकडेही हा धंदा होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. १९५० आणि ६० च्या दशकांत मध्य प्रदेश, विदर्भाच्या जंगलांत शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघ मारायला नेत. परकीय चलन मिळते, हाच त्यांचा युक्तिवाद होता. पण ते चलन कंपनी आणि सरकार यांच्यातच राही. हाकारा घालणाऱ्याच्या हाती पडे ती दिवसाची मजुरी. वाघ जगला काय आणि मेला काय, गावाच्या पदरात फरक पडत नव्हता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच सुमारास झालेल्या गणनेत देशभरात जेमतेम अठराशे वाघ आढळले. ती बंदी योग्यच होती. २०२२ च्या गणनेत वाघांची संख्या ३,६८२ वर गेली, तीही एकाही परवान्याविना.

मात्र बंदी घातली की प्राणी वाचतो, हे समीकरणही सरळ नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि पुढच्या चार दशकांत तिथले मोठे वन्यप्राणी सरासरी दोन तृतीयांशाहून अधिक घटले. कुरणे गेली, कुंपणे आली, पाळीव जनावरे वाढली. आपल्या काश्मीरमध्येही काझीनाग आणि पीर पंजालमध्ये मारखोर आहेत. त्यांना कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, तरी संख्या शेकड्यांतच आहे. उन्हाळ्यात मेंढरांचे कळप त्याच उतारांवर चढतात आणि तिथल्या मेंढपाळाला मारखोर टिकवून मिळत काहीच नाही.

महागाई बरी की वाईट?

आमच्या मते, प्राण्यासाठी बरी. बारा परवाने स्वस्तात विकण्यापेक्षा चार परवाने महागात विकून तेवढाच पैसा मिळत असेल, तर आठ नर वाचले. वाढत्या भावाचा असा उपयोग करून परवाने कमी करण्याची मागणी व्हायला हवी. प्रत्यक्षात दबाव उलट दिशेने येतो. एका नगाला सव्वातीन कोटी मिळतात म्हटल्यावर नग वाढवून मागण्याचा मोह कोणत्या सरकारला होणार नाही?

धोका तिथेच आहे, कारण शिकाऱ्याला सर्वांत मोठी शिंगे हवी असतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एका डोंगरावर तीस वर्षे असेच मोठ्या शिंगांचे मेंढे टिपले गेले. पुढच्या पिढ्यांची शिंगे लहान होत गेल्याचे संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. मोजके म्हातारे नर मारले तर हा परिणाम नगण्य राहतो, संख्या वाढली की राहत नाही.

दुसरा प्रश्न हिमबिबट्याचा. गिलगिट-बाल्टिस्तानच्या त्याच लिलावात मारखोराचे परवाने फक्त चार होते, आयबेक्सचे शंभर. सर्वाधिक बोली लागलेला आयबेक्सही १३ हजार डॉलरवर थांबला. म्हणजे एका खोऱ्यात कोट्यवधी आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्याचा एक छोटा हिस्सा. या दोन्ही खोऱ्यांत फिरणारा हिमबिबट्या मारखोरही खातो आणि आयबेक्सही. त्याचा परवाना निघत नाही, त्याला बोली लागत नाही. ज्या बोकडावर गावाची शाळा उभी राहणार, तोच एखाद्या रात्री हिमबिबट्याने मारला, तर सकाळी रखवालदाराने गावाला काय सांगायचे, हे मात्र कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते.